घरची हवा, दारची हवा

दिवाळी सरून मार्गशीर्षाची थंडी पडूं लागली म्हणजे घरोघरीं पडशाखोकल्याचें राज्य सुरू होतें. एकत्र कुटुंबांत तर एका मुलाचें नाक वाहूं लागलें कीं आठ दिवसांत तें पडसें माजघर ओलांडून आजोबांच्या खाटेपर्यंत पोंचतें. आणि मुलाला जें तीन दिवसांत सोडून जातें, तेंच आजोबांच्या छातींत तीन आठवडे ठाण मांडून बसतें. अशा ह्या दिवसांत सातपूरच्या एका वाचक भगिनीनें आम्हांस पत्र लिहून एक प्रश्न विचारला आहे. प्रश्न दिसावयास लहान आहे; पण तो एका घरापुरता नाहीं, आणि त्याचें उत्तरही एका वाक्यांत देण्याजोगें नाहीं. म्हणून ह्या महिन्याचीं पानें आम्हीं त्यालाच दिलीं आहेत.

पत्रांतील हकीकत अशी. त्यांचें घर त्र्यंबक रस्त्यापासून हांकेच्या अंतरावर आहे; कारखान्यांची वसाहतही फार दूर नाहीं. घरांत सासूबाईंस दमा, मामंजी सत्तरी ओलांडलेले, आणि धाकट्या जावेचें मूल दीड वर्षांचें. ह्या मुलास गेल्या हिंवाळ्यांत न्यूमोनिया होऊन आठ दिवस रुग्णालयांत ठेवावें लागलें होतें. तेव्हांपासून घरांत रोज एक वाद होतो. मामंजींचा दंडक असा कीं, पहांटे उठल्याबरोबर सर्व खिडक्या सताड उघडल्या पाहिजेत. कोंडलेली हवा हें सर्व रोगांचें मूळ, असें त्यांच्या वडिलांनीं त्यांस शिकविलेलें. थोरल्या मुलाचें म्हणणें असें कीं, रस्त्याची धूळ व धूर घरांत घेऊन मुलाला पुन्हां आजारी पाडावयाचें काय? दोघेही मुलाच्या काळजीनेंच बोलतात, आणि खिडकी दिवसांतून दहा वेळां उघडते व दहा वेळां मिटते. "आम्हीं कोणाचें ऐकावें?" असें ह्या भगिनी विचारतात.

आमचें उत्तर आम्ही आरंभींच सांगून टाकतों. दोघेही बरोबर आहेत. आणि म्हणूनच दोघांपैकीं कोणाचाही नियम एकटा चालणार नाहीं. मामंजी ज्या शत्रूपासून घर राखूं पाहतात तो रोगाचा फैलाव. मुलगा ज्यापासून राखूं पाहतो तें रोगाचें गांभीर्य. हीं दोन संकटें वेगळीं आहेत, पण तीं एकमेकांच्या हातांत हात घालून येतात. तीं कशीं, हें समजलें म्हणजे खिडकीचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

प्रथम सातपूरची हवा. नाशिक परिसराच्या कोरड्या हवेची एके काळीं मोठी ख्याति होती. मुंबईचे लोक, त्यांत पारशी कुटुंबें विशेष, हवापालटासाठीं देवळालीस येऊन राहत, आणि त्यांच्यासाठीं तेथें आरोग्यभुवनें उभीं राहिलीं. सातपूर तेव्हां जुन्या नाशिकच्या पश्चिमेस, त्र्यंबकेश्वरास जाणाऱ्या वाटेवरचें शेतकऱ्यांचें गांव होतें. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि त्यानंतर ह्या शेतांतून कारखाने उभे राहिले. १९८२ सालीं नाशिक महानगरपालिका झाली, तेव्हां सातपूर तींत सामील झालें. ह्या कारखान्यांनीं हजारों घरांस पोटाची भाकरी दिली, मुलें शिकविलीं, सातपूर-अंबडच्या वसाहती उभ्या केल्या; तेव्हां त्यांस दूषणें देऊन आपण मोकळे होऊं, हें योग्य नव्हे. शिवाय हवा बिघडविणारे एकटे कारखानेच नाहींत. मालमोटारी व दुचाक्या, उखडलेल्या रस्त्यांची व बांधकामांची धूळ, भट्ट्या, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर पेटणारा केरकचरा, ह्या सर्वांचा त्यांत वांटा आहे. नाशिकची हवा दिल्लीइतकी वाईट नाहीं, हें खरें. परंतु २०१९ सालच्या जानेवारींत केंद्र सरकारनें राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हां देशाच्या मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या यादींत नाशिकचें नांव होतें. आणि आपलीं मानकें तरी कडक आहेत असें नाहीं. अतिसूक्ष्म धूलिकणांची वर्षाची सरासरी एका घनमीटर हवेंत ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालेल, असें आपला २००९ सालचा दंडक म्हणतो; जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं तीच मर्यादा ५ वर आणली.

हिंवाळ्यांत ह्या हवेची गत अधिकच वाईट होते, आणि त्याचें कारण सोपें आहे. निरभ्र रात्रीं जमीन लवकर निवते, तिच्या लगतची हवा गार व जड होऊन खालीं बसते, आणि तिच्यावर ऊबदार हवेचें जणूं झांकण पडतें. मग दिवसभराचा धूर वर न जातां घरांच्याच उंचीवर तरंगत राहतो. निफाडास पारा ५ अंशांच्या खालीं उतरल्याच्या बातम्या ज्या पहांटे येतात, त्याच पहांटे सातपूरच्या रस्त्यावर दिसणारी पांढुरकी चादर नुसतें धुकें नसते. तींत धूर मिसळलेला असतो. ऊन चढलें, जमीन तापली, म्हणजे हें झांकण उचललें जातें. पावसाळ्यांत तर प्रश्नच नाहीं. पश्चिमेचा वारा धूर वाहून नेतो आणि पाऊस उरलेला धुऊन काढतो. तेव्हां 'पहांटेची शुद्ध हवा' हें वचन आपल्या पूर्वजांच्या गांवीं खरें होतें, तरी हिंवाळ्यांतील सातपुरांत तें खरें राहिलेलें नाहीं. शुद्ध हवेची वेळ तेथें दुपारची आहे.

आतां हा धूर शरीरांत काय करतो तें पाहूं. आपल्या श्वासनलिकेस आंतून ओलसर, चिकट आवरण असतें आणि त्याखालीं डोळ्यांस न दिसणारी लव असते. ही लव अहोरात्र हालत राहून श्वासाबरोबर आलेली धूळ व जंतु घशाकडे लोटीत असते. केरसुणीनें केर उंबऱ्याकडे न्यावा तसें. तेथून आपण तो खाकरतों किंवा गिळून टाकतों. जे जंतु ह्यांतूनही निसटून फुप्फुसाच्या तळाशीं जातात, त्यांस खाऊन टाकणाऱ्या भक्षक पेशी तेथें पहारा करीत असतात. मोठी धूळ नाकांतच अडते. परंतु ज्यांस अतिसूक्ष्म कण म्हणतात, ते २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारें तिसाव्या हिश्शाचे असल्यामुळें थेट तळापर्यंत पोंचतात. तेथें भक्षक पेशी त्यांसच गिळूं लागतात, आणि काजळीनें पोट भरलेल्या ह्या पेशी जंतूंस गिळण्याच्या कामीं मंद होतात. वाहनांच्या धुरांतील नायट्रोजन डायऑक्साइड वायूनें श्वासनलिकेचें अस्तर सुजतें आणि लवेची हालचाल मंदावते. लंडनमधील संशोधकांनीं प्रयोगशाळेंत असेंही दाखविलें आहे कीं, धूलिकणांच्या संपर्कांत आलेल्या श्वासनलिकेच्या पेशींस न्यूमोनियाचे जंतु अधिक संख्येनें चिकटतात.

सारांश असा कीं, धूर रोगाचे जंतु उत्पन्न करीत नाहीं. तो घराचें दार उघडें टाकतो आणि पहारेकऱ्यास गुंगी आणतो. म्हणून ज्या पडशानें धडधाकट माणूस दोन दिवस शिंकतो, तेंच पडसें धुराच्या वस्तींत दमेकऱ्यास रुग्णालयांत नेतें. लहान मूल मिनिटास मोठ्या माणसाच्या दुप्पट-तिप्पट वेळां श्वास घेतें, आणि त्याच्या वजनाच्या मानानें तें हवाही अधिक ओढतें. त्यामुळें त्याच्या कोंवळ्या फुप्फुसांवर हा भार अधिक पडतो.

ह्याला पुरावा काय, असें सुज्ञ वाचक विचारतील. सर्वांत प्रसिद्ध दाखला लंडनचा आहे. १९५२ सालच्या डिसेंबरांत ५ पासून ९ तारखेपर्यंत कोळशाच्या धुराचें दाट धुकें त्या शहरावर बसलें. पुढील कांहीं आठवड्यांत सुमारें ४,००० माणसें नेहमींपेक्षां अधिक मेलीं, आणि त्यांत श्वासनलिकादाह व न्यूमोनिया ह्यांचे बळी फार होते. धुकें उठल्यावरही मृत्युसंख्या चढीच राहिली. तेव्हां सरकारनें सांगितलें कीं, हे नंतरचे मृत्यु इन्फ्लुएंझाच्या सांथीचे. पुढें पन्नास वर्षांनीं संशोधकांनीं तीं कोष्टकें पुन्हां तपासलीं, तेव्हां एकट्या इन्फ्लुएंझानें एवढे मृत्यु होणें शक्य नव्हतें असें आढळलें, आणि एकूण बळींचा अंदाज १२,००० पर्यंत गेला. धूर आणि सांथ एकत्र आलीं म्हणजे दोष सांथीवर ढकलणें सोपें असतें, हा त्यांतील धडा आहे.

१९१८ सालचा इन्फ्लुएंझा आपल्या वडिलधाऱ्यांच्या बोलण्यांत 'मानमोडी' ह्या नांवानें येत असे. हिंदुस्थानांत त्यानें एक कोटीहून अधिक माणसें नेलीं, आणि मुंबई इलाख्यास त्याचा तडाखा फार जबर बसला. त्याच सांथीविषयीं अमेरिकेंतील शहरांचीं कोष्टकें अलीकडे तपासलीं गेलीं, तेव्हां विजेसाठीं अधिक कोळसा जाळणाऱ्या शहरांत मृत्यूंचें प्रमाणही अधिक होतें असें दिसून आलें. २००३ सालीं चीनमध्यें सार्स रोग आला, तेव्हां अतिदूषित हवेच्या प्रदेशांतील रुग्ण दगावण्याची शक्यता स्वच्छ प्रदेशांच्या सुमारें दुप्पट होती. आणि २०२० सालीं हार्वर्डच्या संशोधकांनीं कोविडविषयीं असें मांडलें कीं, ज्या जिल्ह्यांतील दीर्घकाळची हवा घनमीटरमागें अवघ्या १ मायक्रोग्रॅमनें अधिक वाईट, तेथें कोविडचे मृत्यु ११ टक्क्यांनीं अधिक.

हा पुरावा गांवांची गांवांशीं तुलना करणारा आहे, हें मात्र लक्षांत ठेविलें पाहिजे. जेथें धूर अधिक तेथें बहुधा गर्दी, गरिबी व जुने आजारही अधिक. संशोधक त्यांचा हिशेब वजा करतात, पण तो पूर्णपणें वजा होतोच असें नाहीं. तथापि वेगवेगळ्या देशांतून, वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या रोगांविषयीं एकच गोष्ट पुन्हां पुन्हां निघते, आणि प्रयोगशाळेंत तिचें कारणही दिसतें. तेव्हां तिला योगायोग म्हणून सोडून देणें शहाणपणाचें नव्हे.

येथवर वाचून थोरला मुलगा म्हणेल, "म्हणूनच मी खिडक्या लावा म्हणतों." पण थांबावें. मामंजींची बाजू अजून ऐकावयाची आहे.

२०२० सालच्या मार्चअखेर सर्व देश बंद झाला. कारखाने थांबले, रस्ते ओस पडले, आणि शहराशहरांवरचें आकाश कित्येक वर्षांत दिसलें नव्हतें इतकें निवळलें. तरीही कोविड पसरत गेला. एप्रिलांत आपल्याच जिल्ह्यांतील मालेगांव त्याचें मोठें केंद्र झालें. कां? कारण रोग चिमणीतून येत नाहीं. तो माणसाच्या श्वासांतून येतो. बोलतांना, खोकतांना, नुसता श्वास सोडतांनाही रोग्याच्या तोंडानाकांतून अतिसूक्ष्म तुषार निघतात. मोकळ्या हवेंत ते विरून जातात. कोंडलेल्या खोलींत तासन् तास तरंगत राहतात, आणि त्या खोलींत जितकीं माणसें, तितक्यांच्या वांट्यास येतात. बाहेर हवा स्वच्छ, आणि आंत एका खोलींत आठ माणसें खिडक्या लावून. अशा स्थितींत सांथीला आणखी काय हवें?

हवा बदलती ठेवण्याचा गुण किती मोठा, हें पेरू देशांतील लिमा शहरच्या रुग्णालयांत २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत दिसून आलें. १९५० पूर्वीं बांधलेल्या, उंच छतांच्या व मोठमोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत खिडक्या-दारें उघडलीं असतां हवा इतक्या वेगानें बदलते कीं, क्षयाचा संसर्ग होण्याची शक्यता नव्या ठेंगण्या इमारतींच्या मानानें, इतकेंच नव्हे तर यंत्रांनीं हवा खेळविलेल्या खोल्यांच्या मानानेंही, पुष्कळ कमी ठरते. आपले जुने वाडे आठवावे. मध्यें चौक, चारी बाजूंस ओसरी, आणि वर गवाक्ष. त्यांत उणिवा पुष्कळ होत्या. पण घरांतली हवा चौकांतून सारखी वर जात असे. आजच्या सदनिकेंत दोनच बाजूंस खिडक्या, त्यांतील एक रस्त्यावर. तीही वातानुकूलनासाठीं बंद. कुटुंब तेंच, हवा मात्र चौथाई. तेव्हां मामंजींच्या वडिलांनीं दिलेली शिकवण आजही खोटी ठरलेली नाहीं.

मग करावें काय? आमच्या मतें खिडकीस घड्याळ लावावें. मार्गशीर्षापासून माघापर्यंत पहांटे आणि दिवेलागणीनंतर रस्त्याकडील खिडक्या लावाव्या. मागील बाजूची एखादी किंचित् उघडी ठेवावी. सकाळीं दहा-अकरापासून चारपर्यंत समोरासमोरच्या सर्व खिडक्या उघडून घरांतून वारा आरपार जाऊं द्यावा. अंथरुणें झटकणें, झाडलोट, गर्दीचें काम, जमल्यास ह्याच वेळांत उरकावें. पावसाळ्यांत हा नियम नको. तेव्हां मामंजींचें राज्य बारा तास चालावें. शहराच्या हवेचा निर्देशांक हल्लीं रोज जाहीर होतो; पंचांग पाहतों तसा तोही पाहण्याची संवय घरांतील एका मुलास लावून द्यावी.

परंतु घरांत कोणी तापानें वा खोकल्यानें आजारी असेल, तर हें घड्याळ बाजूस ठेवावें. तेव्हां हवा बदलणें हेंच पहिलें कर्तव्य. कारण बाहेरचा धूर एका दिवसांत जेवढें नुकसान करील, त्याहून आंतला संसर्ग आजोबांचें व तान्ह्या मुलाचें अधिक करील. रोग्यास शक्य तर स्वतंत्र खोली द्यावी, रस्त्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी उघडी ठेवावी, आणि खोलीचें आंतलें दार लोटून घ्यावें. शुश्रूषा करणाऱ्यानें व रोग्यानें चांगला, नाकातोंडाशीं घट्ट बसणारा एन-९५ जातीचा मुखपट्टा बांधावा. पदराच्या टोकानें तुषार कांहींसे अडतात. सूक्ष्म धूर अडत नाहीं.

आतां एक कटु गोष्ट. बाहेरच्या धुराविषयीं आपण तावातावानें बोलतों, आणि घरांतला धूर आपण स्वतःच पेटवितों. डांस मारणारी उदबत्तीसारखी वेटोळी घ्या. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननें मोजून सांगितलें आहे कीं, बंद खोलींत अशी एक वेटोळी रात्रभर जळली तर निघणारे सूक्ष्म कण सुमारें शंभर सिगारेटींच्या धुराइतके भरतात. म्हणजे ज्या घरांत तंबाखूस कोणी शिवत नाहीं, त्या घरांतील मुलाच्या उशाशीं आपण रोज रात्रीं शंभर सिगारेटी पेटवून ठेवतों! मच्छरदाणी हा जुना उपाय आहे, आणि तोच उत्तम आहे. त्याच संस्थेनें दिवाळीच्या दारूकामाचीही मोजणी केली. तींत सर्वांत घातक निघाली ती मुलांच्या हातांत आपण कौतुकानें देतों ती नागगोळी. तिच्याजवळ सूक्ष्म कणांचें प्रमाण घनमीटरमागें ६४,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत चढलें. तें थोडाच वेळ टिकतें हें खरें. पण मूल तेव्हां तिच्यावर वांकून पाहत असतें.

देवघरांतील धूप-उदबत्तीविषयीं लिहितांना आमची लेखणी अडखळते. तरी लिहिणें प्राप्त आहे. पूजा सोडावी असें आम्ही म्हणत नाहीं. एक उदबत्ती, उघड्या खिडकीशीं, पुरी आहे. दमेकरी माणूस शेजारच्या खोलींत झोंपलेला असतां ऊद-गुग्गुळाचे लोट उठविलेच पाहिजेत, असें आम्हांस वाटत नाहीं. स्वयंपाकघरांत फोडणी देतांना धूर बाहेर ओढणारा पंखा चालू असावा. गॅसला धूर नाहीं म्हणून हवा बिघडत नाहीं असेंही नाहीं. ज्योतीबरोबर नायट्रोजन डायऑक्साइड निघतोच. चूल जाऊन गॅस आला, हा मोठाच लाभ झाला. पण तेवढ्यानें सर्व झालें असें समजूं नये. तामिळनाडूसह चार देशांतील घरांत गॅसच्या शेगड्या देऊन केलेल्या मोठ्या प्रयोगाचा निकाल २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. तींत तान्ह्या मुलांचा गंभीर न्यूमोनिया नुसत्या शेगडी बदलण्यानें कमी झालेला आढळला नाहीं. रोगास एकाहून अधिक वाटा असतात. एक बुजविली म्हणून दुसऱ्यांकडे पाठ फिरवूं नये.

ह्याहून नाजूक विषय बाळंतिणीच्या खोलीचा. अद्यापि कित्येक सुशिक्षित घरांत बाळंतिणीस शेक व बाळास धुरी देण्याची चाल आहे. वारा लागूं नये म्हणून दारें-खिडक्या बंद, खाटेखालीं निखाऱ्यांची शेगडी, आणि तींत ओवा, शेपा, वावडिंग टाकून दाट धूर. हेतु प्रेमाचा आहे. ऊब बाळास हवीच. पण बाळास जें हवें तें ऊब, धूर नव्हे. ज्याच्या श्वासनलिका अद्यापि गव्हाच्या काडीहूनही बारीक, त्यास सारें शहर टाळूं पाहतें तो धूर आपण दुलईंत गुंडाळून देतों. आणि बंद खोलींतील निखाऱ्यांपासून कार्बन मोनॉक्साइड हा बिनवासाचा विषारी वायु निघतो, त्यानें मायलेंकरें झोंपेंतच गुदमरूं शकतात. बाळास आईच्या अंगाशीं, कातडीस कातडी लावून ठेवावें. टोपडें, पायमोजे, दुपटें घालावें. तेलपाण्यास ऊन आलेली वेळ निवडावी. शेक द्यावयाचाच तर गरम पाण्याच्या पिशवीनें द्यावा. वडील बायकांनीं हा बदल स्वतः पुढाकार घेऊन केला, तर सुनांस बोलण्याची वेळच येणार नाहीं. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं, पांच वर्षांखालील मुलांच्या न्यूमोनियानें होणाऱ्या मृत्यूंपैकीं जवळजवळ निम्म्यांस घरांतील धुराचे कण कारण होतात. हें वाचूनही धुरीचा आग्रह धरावा काय, हें प्रत्येक आजीनें आपल्या मनाशीं ठरवावें.

न्यूमोनिया ओळखण्याची एक सोपी रीत प्रत्येक घरास ठाऊक असावी. मूल शांत असतां घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावे. दोन महिन्यांआंतील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि वर्षापासून पांच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर डॉक्टरकडे त्याच दिवशीं न्यावें. श्वास घेतांना बरगड्यांखालीं खळगा पडत असेल, ज्यास आपल्याकडे 'पोट उडणें' म्हणतात, किंवा मूल अंगावर पीत नसेल, तर क्षणाचाही विलंब लावूं नये. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेंतील डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनीं खेड्यांतील साध्या माणसांस आणि निरक्षर सुइणींस हीच मोजणी शिकविली, आणि वेळेवर औषध मिळूं लागल्यानें बालमृत्यु उतरले. हें त्यांनीं १९९० सालीं जगापुढें मांडलें. ज्या गोष्टी गडचिरोलीच्या सुइणीस साधल्या, त्या आपल्या पदवीधर घरांस साधूं नयेत काय? न्यूमोनियावरील लस २०१७ पासून टप्प्याटप्प्यानें सरकारी लसीकरणांत आली आणि २०२१ पासून देशभर मिळूं लागली. दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने ह्या वेळा चुकवूं नयेत. घरांतील वृद्ध व दमेकरी ह्यांच्यासाठीं इन्फ्लुएंझाच्या लसीविषयीं डॉक्टरांस विचारावें.

शेवटीं खिडकीबाहेरची गोष्ट. आम्हीं वर सांगितलेलें घड्याळ ज्यांस लावतां येतें, तीं घरें भाग्याचीं. सातपूर-अंबडच्या ज्या कामकरी कुटुंबांस पत्र्याची एकच खोली आणि तिला एकच खिडकी, त्यांनीं कोणत्या बाजूची उघडावी? त्याच खोलींतून सकाळीं आपल्या घरीं भांडीं घासावयास बाई येते, तिच्या मुलास खोकला असतो, आणि तो दुपारपर्यंत आपल्या उंबऱ्यांत पोंचतो. हवेला सोंवळें-ओंवळें ठाऊक नाहीं. त्यांची हवा सुधारल्यावांचून आपली सुधारेल, ही कल्पना सोडून द्यावी.

लंडनच्या नागरिकांनीं १९५२ चा धूर सोसला, आणि चार वर्षांत, १९५६ सालीं, पार्लमेंटास हवेचा कायदा करावयास लाविलें. आपल्याकडे कायद्यांची वाण नाहीं. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१६ सालच्या डिसेंबरांत देशभर बंदी केली आणि ५,००० रुपये दंड सांगितला. तरी हिंवाळ्याच्या सकाळीं वसाहतीच्या कडेस पालापाचोळ्याचे ढीग धुमसतांना दिसतात, आणि पेटविणारा पुष्कळदां आपल्याच सोसायटीचा पगारी माणूस असतो. त्यास थंडीपुरतें ऊबदार कांबळें आणि पाल्यासाठीं खताचा खड्डा करून देणें, हें तरी आपल्या हातचें आहे. रस्ता झाडण्यापूर्वीं पाणी शिंपडावें, उकरलेला रस्ता वेळेवर बुजवावा, बांधकामावर कापड झांकावें, ह्यासाठीं महानगरपालिकेकडे लेखी मागणी करावी. प्रदूषण नियंत्रण मंडळाचें नाशिकचें प्रादेशिक कार्यालय सातपूरच्याच उद्योग भवनांत आहे. रात्रीं-बेरात्रीं सोडलेल्या धुराची तक्रार तारीख व वेळ घालून तेथें द्यावी. एकट्यादुकट्याचा अर्ज फायलींत पडून राहतो. पन्नास घरांच्या सह्यांचा अर्ज राहत नाहीं.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींनीं हा लेख मामंजींस व थोरल्या दिरांस एकत्र बसवून वाचून दाखवावा, आणि हिंवाळ्याचें घड्याळ तिघांनीं मिळून भिंतीवर लिहून लावावें. इतर वाचकांनीं आपापल्या वसाहतींत धुराचा कोणता उगम बंद करतां आला, आणि तो कोणत्या उपायानें, हें आम्हांस अवश्य कळवावें. उपयुक्त वाटतील तीं पत्रें ह्याच पानांत देऊं. पुढील महिन्यांत घरांतील पिण्याच्या पाण्याविषयीं लिहिण्याचा विचार आहे.